नाव बुडवणारी सून

संग्रहालयाच्या तळमजल्यावर, मागच्या जिन्याखाली बाईंची खोली होती. दारावर 'शिंपले विभाग' अशी पाटी होती आणि त्या पाटीशी बाईंचं हाडवैर होतं. कुणी पाटी वाचत आत आला की त्याला बसायला खुर्ची देण्याआधी बाई सांगून टाकायच्या, "शिंपले नव्हेत ते."

दिसायला शिंपल्यासारखेच, हे बाईंनाही मान्य होतं. दोन कवचं, मधे मऊ जीव. पण शिंपल्याची कवचं असतात डावी-उजवी, आणि यांची वर-खाली. शिंपल्याला तोंड मिटायला जोर लावावा लागतो, उघडतं ते आपसूक. म्हणून मेलेला शिंपला आ वासून पडतो. यांना उघडायलाही जोर लागतो आणि मिटायलाही, त्यामुळे हे मेले तरी बहुतेक तोंड मिटूनच. मोठ्या कवचाला टोकाशी, म्हणजे चोचीपाशी, एक भोक असतं, त्यातून एक देठ निघतो, आणि तो देठ ज्या खडकाला चिकटला त्याच खडकावर सगळा जन्म जातो. शास्त्रात यांना ब्रॅकिओपॉड म्हणतात, पुस्तकांत कुठे कुठे बाहुपाद. बाई नुसतं 'माझे' म्हणायच्या. "माझे आले का बोटीवरून?" असं त्यांनी विचारलं, की नव्या शिपायाला वाटायचं, बाईंच्या माहेरची माणसं यायची आहेत.

या 'माझ्यां'मधला एक मात्र खरोखरच घरातला होता. तीसेक वर्षांपूर्वी, बाई नोकरीला नव्या असताना, मासेमारीच्या जाळ्यात अडकून आलेल्या दगडांवर त्यांना हरभऱ्याएवढे फिकट गुलाबी ब्रॅकिओपॉड सापडले होते. त्या खाडीत एक मोठी जात पूर्वीपासून माहीत होती, अक्रोडाएवढी, करड्या रंगाची. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका गलबतावरच्या डॉक्टरने तिला नाव देऊन ठेवलेलं होतं. हे गुलाबी त्याहून वेगळे दिसत होते. बाईंनी त्यातले काही फोडले. आत चुन्याची एक नाजूक कमान असते, तिच्या आधाराने हा प्राणी पाणी गाळून पोट भरतो. मोठ्या जातीत ती कमान सुटी, मोकळी असते. या बारक्यांत ती कवचातल्या मधल्या पडद्याला घट्ट चिकटलेली होती. कमान वेगळी म्हणजे जात वेगळी, इतकं वर्गीकरणात सरळ होतं. बाईंनी नव्या जातीला नवऱ्याचं नाव दिलं.

ते उगाच दिलं नव्हतं. नवरा चष्मेवाला. कोपऱ्यावर त्याचं छोटंसं दुकान. संग्रहालयातला जुनाट सूक्ष्मदर्शक जेव्हा आंधळा झाला होता आणि नव्यासाठी वरून नुसतीच आश्वासनं येत होती, तेव्हा या माणसाने स्वतः भिंग घासून त्यात बसवून दिलं होतं. त्या भिंगातूनच ती कमान दिसली. त्यामुळे लॅटिन शेपटी लावलेलं चष्मेवाल्यांचं नाव समुद्रात गेलं आणि चष्मेवाल्यांच्या डोक्यातही गेलं. दुकानात भिंतीवरची अक्षरं वाचायला माणूस बसला, की अर्ध्यातच ते म्हणायचे, "खालची ओळ दिसतेय? बरं. आमच्या नावाचा एक प्राणी आहे बरं का समुद्रात." गिऱ्हाइकाच्या एका डोळ्यावर झाकण असायचं, हनुवटी पट्टीवर टेकलेली असायची. ऐकण्यावाचून इलाज नसायचा.

"जन्मभर तोंड मिटून राहणाऱ्या प्राण्याला यांचं नाव," बाई म्हणायच्या. "माझ्या आयुष्यात मी केलेला एकच विनोद."

तर अशा या घरात चिरंजीवांनी एके दिवशी मुलगी आणली.

चिरंजीव लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होते. उंच इमारतीत, अडकलेल्या पाळण्याच्या छतावर बसून डबा खाणारा मुलगा. मुलगी त्याच्या उलट. ती पाठीवर हवेची नळकांडी बांधून समुद्राच्या तळाशी जायची आणि खाडीतल्या एका बुडालेल्या कड्यावर कोण कुठे राहतं, काय खातं, कुणाशी भांडतं, याचा अभ्यास करायची. समुद्र संशोधन केंद्रात तिची खोली होती. दोघं भेटले ते तिथल्याच लिफ्टमधे. ती आत अडकली होती, हा वरून वाकून म्हणाला होता, "घाबरू नका." ती म्हणाली होती, "मी कशाला घाबरू? इथे श्वास घेता येतोय."

चष्मेवाल्यांना ती बघताक्षणी आवडली. त्यांनी तिचं नाव तिथल्या तिथे 'पाणबुडी' ठेवून टाकलं. बाईंनाही आवडली, पण बाई पसंती लगेच दाखवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी तिला फक्त भाजी दोनदा वाढली.

"कुठल्या कड्यावर काम करतेस तू?" बाईंनी विचारलं.

"खाडीच्या उत्तरेच्या. वरून गोड्या पाण्याचा थर असतो ना, तांबूस, त्यामुळे खाली अंधार आणि गारठा. तिथे ब्रॅकिओपॉड फार आहेत, काकू. भिंतभर."

जेवणाच्या टेबलावर हा शब्द बाहेरच्या माणसाच्या तोंडून प्रथमच आला होता. बाईंचा चमचा जागीच थांबला. चष्मेवाल्यांना तर आभाळ ठेंगणं झालं.

"मग माझी ओळख असेलच तुझी!" ते म्हणाले. "मी तिथेच राहतो. बारका, गुलाबी. हरभऱ्याएवढा."

पाणबुडी हसली नाही. तिने चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीवांनी पाण्याच्या तांब्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली, "तुम्हाला मी... खूपदा बघितलंय," आणि पुढे जेवण संपेपर्यंत तिने हवापाण्याविषयीच गप्पा मारल्या.

घरी सोडायला जाताना ती चिरंजीवांवर उखडली. "बारक्या जातीचं नाव तुझ्या बाबांचं आहे, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. आणि मला कुठे त्यातलं कळतं? का, काय झालं?"

"काय झालं म्हणजे! अरे, ती जातच नाहीये."

आता यावर दोन मार्ग होते. लग्न होईपर्यंत गप्प बसायचं, किंवा सरळ जाऊन सांगायचं. चिरंजीवांनी पहिला सुचवला. पाणबुडी दुसऱ्या दिवशी सकाळीच संग्रहालयात हजर झाली. बगलेत फोटोंचं पाकीट, केस अजून ओले.

"काकू, मला तुमच्याशी बोलायचंय. घरातलं नाही, कामाचं."

"मग काकू म्हणू नकोस. बस."

तिने फोटो मांडले. कड्याचा एकच तुकडा, दर काही महिन्यांनी टिपलेला. प्रत्येक बारक्या गुलाबी जिवाशेजारी खडकावर नंबर चिकटवलेला. गेली काही वर्षं ती त्यांच्यावर नजर ठेवून होती. हे प्राणी वाढतात ते डोळ्यांना जाणवत नाही इतकं सावकाश, पण वाढतात. काही हरभरे बोराएवढे झाले होते आणि गुलाबीपणा जाऊन कडेने करडे पडायला लागले होते.

"हे तुमच्या जातीपेक्षा मोठे झालेत, आणि अजून वाढतायत," ती म्हणाली. "मला वाटतं, बारकी जात म्हणजे मोठ्या जातीची पोरं आहेत."

बाईंनी भिंग उचललं, फोटो पाहिले, भिंग खाली ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांचा आवाज चढत नसे, तो गार होई.

"रंगावरून जात ठरत नाही. आकारावरूनही नाही. कमान बघितलीस?"

"बारक्यांची बघितली, चिकटलेली आहे. मोठ्यांची बघितली, सुटी आहे. या गटात कमान वयाबरोबर बदलते, हे दुसऱ्या समुद्रांत लोकांनी दाखवलंय."

"ते मलाही ठाऊक आहे. तिथे मधली पायरी सापडलीय, म्हणून दाखवलंय. इथली दाखव. अर्धी चिकटलेली, अर्धी सुटलेली अशी एक कमान माझ्यासमोर ठेव, मी स्वतः लिहून देते. हे बोराएवढे आहेत ना, यातला एक फोड."

"तो नाही फोडणार."

"का?"

"काकू... बाई, सगळ्या कड्यावर मधल्या वयाचे एवढेच आहेत. यांची पिल्लं पाण्यात थोडाच काळ पोहतात आणि आईबापांच्या आसपासच टेकतात. एखाद्या वर्षी भरपूर टेकतात, मग कितीतरी वर्षं कुणीच नाही. म्हणून खाली एकतर म्हातारे आहेत, नाहीतर अगदी लहान. मधली पिढी जवळजवळ नाहीच. जे चार आहेत त्यांना मी नंबर देऊन वाढवलंय, त्यांना मारू कसं?"

"मग तुझं म्हणणं हवेत," बाई म्हणाल्या.

"पाण्यात," पाणबुडी म्हणाली आणि जीभ चावली.

बाईंना हसू आलं होतं, पण त्यांनी ते कपाट उघडण्याच्या निमित्ताने लपवलं. दुपारभर त्यांनी काम म्हणून काही केलं नाही. बाटल्या इकडच्या तिकडे केल्या. मुलगी बरोबर असू शकते, हे त्यांना पहिल्याच फोटोला कळलं होतं. आणि ते तिने कळवळून नव्हे, ठणकावून सांगितलं, हे आवडलंही होतं. राग आला होता तो याचाच.

आठवडाभराने बाई न सांगता संशोधन केंद्रात गेल्या. "जिवंत दाखव मला," एवढंच म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही..."

"मला बोट लागते. माझ्याकडे आले ते सगळे दारूत बुडून नाहीतर वाळून आले."

पाणबुडीने त्यांना मागच्या थंड खोलीत नेलं. पंपांची घरघर, जमिनीवर ओल, लाल मंद दिवा. एका काचेच्या टाकीत नांगराच्या साखळीने कड्यावरून उखडलेला खडकाचा तुकडा ठेवला होता आणि त्यावर दहाबारा मोठे करडे ब्रॅकिओपॉड होते. बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि नाक काचेला लावलं.

कवचं किंचित उघडी होती. फटीतून आतली झालर दिसत होती, केसासारख्या बारीक धाग्यांची, पाण्याबरोबर हलकेच थरथरणारी. एकाने देठावर अंग वळवलं, कूस बदलावी तसं. बाई दचकल्या. इतकी वर्षं हा देठ त्यांनी वाळलेल्या दोऱ्यासारखा पाहिला होता. त्याला वळता येतं हे त्यांनीच लिहिलेल्या पुस्तकात होतं, पण ते दिसलं आत्ता. त्यांनी हात वर केला, हाताची सावली पाण्यावर पडली आणि सगळ्यांनी एकदम तोंडं मिटली.

"रागावले," बाई पुटपुटल्या.

"थांबा जरा. उघडतील."

"तारामासे खात नाहीत यांना?"

"चाखतात आणि सोडून देतात. चव वाईट असावी. त्यांच्याशेजारी टाकलेला शिंपला आधी संपतो."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. शिंपल्यांविषयी त्यांना फारशी कणव नव्हती.

पुन्हा फटी उघडल्या. बाईंनी आता नीट पाहिलं, तर एका म्हाताऱ्या करड्याच्या पाठीवर, चोचीच्या जरा खाली, तीन गुलाबी ठिपके बसले होते. हरभऱ्याएवढे. त्यांची जात. दुसऱ्याच्या पाठीवर आणखी एक.  त्यांनी पदराने काचेवरची वाफ पुसली.

"घरची आहेत गं ही," त्या म्हणाल्या. "परकी पोरं अशी पाठीवर बसत नाहीत." आणि लगेच सावरून, "पण हा काही पुरावा नव्हे. कुणीही कुणावरही चिकटतं. कमान बघायला हवी."

"मधल्या वयाचा नाहीये या टाकीत."

"माझ्याकडे आहे."

पाणबुडीला कळेना. बाईंनी सांगितलं. नवी जात जाहीर करताना तिचा एक नमुना मूळ म्हणून कायमचा जपून ठेवावा लागतो. पुढे वाद झाला तर तो नमुना ज्या जातीचा ठरेल, नाव तिथे जातं. बाईंनी मूळ नमुना म्हणून सगळ्यांत मोठा आणि अख्खा निवडला होता. बाकीचे फोडले, तो फोडला नव्हता. फोडायची रीतही नव्हती. लाल चिठ्ठी लावून, कापसात गुंडाळून तो कपाटात बसला होता. मोठा होता, म्हणजे हरभऱ्यापेक्षा जरासा मोठा. म्हणजे वयानेही.

"आता न फोडता आतलं दिसतं ना?" बाईंनी विचारलं. "माणसांचं दिसतं तसं?"

विद्यापीठात तसं यंत्र होतं. दगडधातूंच्या आत डोकावणारं, बारीक वस्तूंसाठीचं. तारीख मिळाली. आणि त्या तारखेला सकाळी चष्मेवाले इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे.

"तुम्ही कुठे निघालात?" बाईंनी विचारलं.

"माझ्या नावाचा आहे तो. त्याचं स्कॅनिंग असताना घरचं माणूस नको?"

त्यांना आतापावेतो सगळं कळलं होतं. बाईंनीच सांगितलं होतं, जेवताना, अगदी सहज. त्यांनी ऐकून घेतलं आणि "असं कसं होईल" एवढंच म्हटलं. पण दोन दिवस दुकानात कुणाला प्राण्याविषयी काही सांगितलं नव्हतं, असं शेजारचा न्हावी म्हणत होता.

विद्यापीठाच्या बाकावर चौघं ओळीने बसले. चिरंजीव अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. लढाई झालीच तर मधे पडायला. आतून पांढऱ्या कोटातला तंत्रज्ञ आला. "पेशंट?"

बाईंनी पर्समधून काडेपेटीएवढी डबी काढून दिली.

"नातेवाईक?"

"मी," चष्मेवाले म्हणाले. तंत्रज्ञाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि डबी घेऊन तो निमूट आत गेला.

यंत्राला वेळ लागला. चष्मेवाले येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी सगळ्यांना आत बोलावलं. पडद्यावर करड्या रंगात कवच फिरत होतं, पोकळ, फुग्यासारखं. तंत्रज्ञाने वरचा भाग बाजूला सारला आणि आत कमान दिसली. पातळ, वाकलेली, कुणी श्वास टाकला तर मोडेल अशी.

डावीकडून ती कवचातल्या मधल्या पडद्यापासून सुटली होती. उजवीकडून अजून चिकटलेली होती.

पाणबुडी बाईंना वाट द्यायला बाजूला झाली.  बाई पडद्याजवळ गेल्या. "जरा फिरवा," त्या म्हणाल्या. "अजून. थांबा. हं." त्यांनी चिकटलेल्या जागेवर बोट ठेवलं. "इथे चुना विरघळायला लागलाय. आणखी थोडा जगला असता तर हीही बाजू सुटली असती. घर बदलताना एक पाय उंबऱ्याबाहेर असावा, तसा मेला बिचारा." मग त्या वळल्या. "मधली पायरी मागितली होती ना मी? माझ्याच कपाटात होती. पोरी, तुझं बरोबर आहे."

"म्हणजे मी नाहीच?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"काका, नाव पुसलं जात नाही," पाणबुडी घाईने म्हणाली. "एकाच जातीला दोन नावं असली तर आधी दिलेलं चालतं, म्हणजे त्या डॉक्टरचं. पण त्याखाली तुमचं नाव कायम लिहिलेलं राहतं, की हेही तेच."

"म्हणजे पोटभाडेकरू."

"टोपणनाव म्हणा," चिरंजीव म्हणाले आणि आईने डोळे वटारताच गप्प झाले.

चष्मेवाले परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. जन्मभर बडबडणारा माणूस मिटून बसला होता. रात्रीचं जेवण नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकानात मात्र तोंड सुटलं. पहिलंच गिऱ्हाईक हनुवटी टेकवून बसलं आणि चष्मेवाल्यांनी उसासा टाकला. "लग्न अजून व्हायचंय, आणि सुनेनं सासऱ्याचं नाव बुडवलंसुद्धा."

त्यांनी ते शब्दशः म्हटलं होतं. समुद्रातलं नाव होतं आणि ते गेलं होतं. पण गिऱ्हाइकाला काय ठाऊक? त्याने ते न्हाव्याकडे नेलं, न्हाव्याने वस्तरा चालवता चालवता चौघांना पुरवलं, आणि संध्याकाळपर्यंत ते पाणबुडीच्या आईपर्यंत पोचलं.

पाणबुडीची आई शाळेची बस चालवायची. साठ पोरांचा कालवा एका हाकेत गप्प करणारी बाई. शेवटचं पोर उतरवून तिने रिकामी बस थेट चष्म्याच्या दुकानासमोर आणून उभी केली. अर्धा रस्ता अडला. ती आत आली तशी दारावरची घंटी जोराने वाजली.

"माझ्या मुलीनं काय केलं म्हणे?"

चष्मेवाले हातातली काच पुसत होते. "आपण...?"

"तुमची होणारी विहीण. होणार की नाही ते आता ठरेल. काय नाव बुडवलं तिनं तुमचं? बोला. कुणाबरोबर फिरली? काय चोरलं?"

"छे छे! अहो, भलतंच काय!" चष्मेवाल्यांना घाम फुटला. "बसा तुम्ही. बसा आधी. तो... तो एक प्राणी आहे."

"प्राणी?"

"समुद्रात. असा." त्यांनी चष्म्याची एक डबी उघडून तिच्यासमोर धरली. "हे त्याचं वरचं कवच, हे खालचं. शिंपला नव्हे हं! शिंपल्याचं डावं-उजवं असतं." मग एक फ्रेम घेतली, तिच्या दोन्ही काड्या मिटवून डबीत ठेवली. "आणि ही आतली कमान. लहानपणी अशी, दोन्ही काड्या आत चिकटलेल्या. मोठेपणी अशा दोन्ही मोकळ्या. आमच्या हिला वाटलं, हे दोन वेगळे प्राणी. बारक्याला माझं नाव दिलं. तीस वर्षं सगळं जग तसंच समजत होतं. संग्रहालयात येणारे मोठे मोठे लोक बघून गेले, एकाला शंका आली नाही. आणि तुमच्या मुलीनं काय केलं? ती त्या गार पाण्यात, अंधारात, वर्षानुवर्षं जात राहिली. एकेकाला नंबर देऊन वाढताना बघितलं. आणि म्हणाली, हे एकच आहेत. बरं, नुसतं म्हणाली नाही. लग्न ठरायचं असताना होणाऱ्या सासूच्या तोंडावर म्हणाली! आहे कुणाची छाती? मी पस्तीस वर्षं नवरा आहे, माझी नाही." त्यांनी फ्रेमची एक काडी उघडली, एक मिटलेली ठेवली. "आणि काल यंत्रात बघितलं, तर हे असं. एक सुटलेली, एक अडकलेली. बरोबर तिनं सांगितलं होतं तसं. काय पोरगी आहे हो तुमची!"

बोलता बोलता त्यांचा आवाज चांगलाच चढला होता. शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि ते स्वतःच थबकले. हातातल्या त्या एका काडीच्या चष्म्याकडे बघत राहिले.

"मग नाव बुडवलं कशाला म्हणालात?" विहिणीने विचारलं, पण आता बसून.

"चुकलंच," चष्मेवाले म्हणाले. "मूल मोठं झालं. त्यात बुडायचं काय होतं?"

बाहेर गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली होती. विहीण उठली, दारापाशी थांबली, भिंतीवरच्या अक्षरांकडे तिने डोळे बारीक करून पाहिलं. "ती खालची ओळ रिकामीच आहे का?"

"रिकामी?" चष्मेवाले दचकले. "अहो, आणि तुम्ही बस चालवता? बसा, बसा खुर्चीवर! गाड्या थांबतील!"

रात्री ते स्वतःच हात धुऊन ताटावर बसले. "शोधनिबंध कोण लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"आम्ही दोघी," बाई म्हणाल्या. "आधी तिचं नाव, मग माझं."

"आणि मी त्यात?"

"तुम्ही पहिल्या पानावर आहात. वेगळी जात नाही म्हणून."

"पहिल्या पानावर?" चष्मेवाल्यांनी आणखी एकदा भाजी वाढून घेतली.

निबंध लिहायला दोघींना हिवाळा लागला. भांडणंही भरपूर झाली, मुख्यतः स्वल्पविरामांवरून आणि 'कदाचित' या शब्दावरून. पाणबुडीला तो जिथे तिथे हवा असायचा, बाई तो खोडायच्या. मग एके ठिकाणी बाईंनी तो घातला आणि पाणबुडीने खोडला. मधे कधीतरी लग्न झालं. कचेरीत सह्या, नंतर सगळ्यांचं जेवण. विहीण नवा चष्मा लावून आली होती आणि लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग किती स्पष्ट दिसतात हे ज्याला त्याला सांगत होती. सून त्याच आठवड्यात 'काकू' सोडून 'आई' म्हणायला लागली. कामाच्या खोलीत मात्र बाईच.

निबंध छापून आल्यावर बाईंना रिकामंरिकामं वाटेल अशी चिरंजीवांना धास्ती होती. झालं उलटंच. आता त्यांना कड्यावर पिढ्यांमधे एवढी खिंडारं का पडतात, याने पछाडलं. पिल्लं टेकतच नाहीत, की टेकतात आणि मरतात? दोघींनी मिळून पाटीच्या दगडाच्या खडबडीत फरशा कापून घेतल्या, प्रत्येकीला भोक पाडून दोर ओवला, आणि सुनेने त्या कड्यावर वेगवेगळ्या खोलीवर टांगल्या. कोऱ्या, स्वच्छ. कुणाला राहायचं असेल तर जागा तयार.

उन्हाळ्याच्या तोंडाला पहिली फरशी वर काढायची ठरली तेव्हा बाई म्हणाल्या, "मी येणार."

"आई, बोट लागेल."

"लागू दे."

लागलीच. खाडीच्या मध्यावर पोचेपर्यंत बाईंचा चेहरा पाटीसारखा झाला होता आणि दोनदा त्यांनी कठड्यावरून वाकून समुद्राला काय ते दिलं होतं. नाविकाने त्यांना लिंबाचा तुकडा चोखायला दिला. मग पाण्यात बुडबुडे उठले, सुनेचं काळं टोपडं वर आलं, आणि तिने दोन्ही हातांनी उचलून फरशी बोटीतल्या, समुद्राच्या पाण्याने भरलेल्या पसरट टबात ठेवली. पाणी हिंदकळलं. एका कोपऱ्यात शेवाळाची लव, एक रागावलेला खेकडा, आणि मधे सगळं नुसतंच काळं.

"काही नाही का?" सून कठड्याला धरून, दात वाजवत म्हणाली.

बाईंनी लिंबू बाजूला टाकलं, भिंग डोळ्याला लावलं आणि बोटीच्या तळाशी गुडघ्यांवर बसल्या. बोट डुलत होती, त्याही डुलत होत्या. फरशीच्या खालच्या कडेजवळ, दोराच्या भोकाच्या आडोशाला, खसखशीपेक्षा लहान असं काहीतरी गुलाबी होतं. त्याच्याशेजारी आणखी एक. त्याच्यापलीकडे तर ओळच.

"आई? काय आहे?"

"गप," बाई म्हणाल्या. "सावली पाडू नकोस. उघडतायत."